तुळशीरामनानांची हप्त्याची मोटार

आमच्या शेजारचे तुळशीरामनाना आयुष्यात कधी रस्त्यावर थुंकले नसतील. पान नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. पण 'येथे थुंकू नये' अशी पाटी दिसली, की त्यांच्या तोंडात थुंकी जमा व्हायची. कचेरीच्या जिन्यात अशाच एका पाटीपुढे कमरेवर हात ठेवून उभे असलेले नाना मी स्वतः पाहिले आहेत.

"कोनं ठरोलं हे?" त्यांनी मला विचारलं.

"का? तुम्हाला थुंकायचंय का?"

"नही."

"मग?"

"मंग काय? मी थुंकत नही ते माह्या मर्जीनं. ह्या भिताडानं मले सांगाचं काय काम?"

ज्या गोष्टींना जगात बंदी आहे, त्यांतली एकही नानांना करायची नसे. पण बंदी घालणाऱ्याचं नाव मात्र त्यांना हवं असे. "कोनं ठरोलं?" हा प्रश्न ते सरकारला विचारत, पंचांगाला विचारत, नुकत्याच निघालेल्या नव्या पैशालाही विचारत. एका आण्याचे सहा नवे पैसे, आणि चार आण्यांचे पंचवीस. सहा चोक चोवीस झाल्यावर वरचा एक पैसा कुठून आला आणि कोणाच्या खिशात गेला, यावर त्यांनी पोस्टात एक अख्खी दुपार घालवली होती. शेवटी पोस्टमास्तरांनी स्वतःच्या खिशातला एक नवा पैसा काढून त्यांच्यापुढे ठेवला. नानांनी तो घेतला नाही. "मले पैसा नको, जबाब पाह्यजे," म्हणाले.

त्यांच्याकडे रजिस्टर पत्र आलं, की पोस्टमन आधी आमच्या ओट्यावर टेकायचा आणि चहा मागायचा. कारण पोचपावतीवरचा छापील मजकूर पुढून-मागून वाचून झाल्याशिवाय नाना सही करत नसत. मजकूर इंग्रजी असला तर वाचायचा मी. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो आणि नानांच्या शेजारी राहतो, हे दोन अपराध माझ्या हातून एकदमच घडले. धुळ्याहून बदली होऊन जळगावला आलो, मिळालं ते घर घेतलं, आणि तिसऱ्याच दिवशी भिंतीवरून हाक आली, "मास्तर, जरा हे वाचा बरं."

नाना पन्नाशीच्या पुढचे, उंच, काटक, बारा महिने हातात छत्री. नशिराबादच्या रस्त्याला त्यांची केळीची बाग होती आणि ती उत्तम चालली होती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घर चार खोल्यांचं, पण नाना एकाच खोलीत राहायचे. भाकरी करायला एक बाई यायच्या, त्या एक शब्द न बोलता भाकऱ्या थापून निघून जायच्या. एकदा त्यांनी "नाना, भाजीत मीठ जास्त खाऊ नये" एवढंच म्हटलं होतं, आणि त्यावर जे झालं त्यानंतर त्यांनी मौन धरलं.

असे हे नाना एका रविवारी सकाळी भिंतीपाशी आले आणि एक कार्ड माझ्यापुढे धरून म्हणाले, "मास्तर, मोटार आली."

त्या काळी मोटार म्हणजे पैसे टाकले आणि घरी आणली, असं नव्हतं. नाव नोंदवायचं आणि वर्ष-दोन वर्षं वाट पाहायची. नानांनी दोन वर्षांपूर्वी कोणालाही न सांगता नाव नोंदवलं होतं. आता त्यांचा नंबर लागला होता. कार्डात लिहिलं होतं, की सहा आठवड्यांत सगळे पैसे भरून गाडी न्यावी, नाहीतर ती यादीतल्या पुढच्या माणसाला दिली जाईल. निम्मे पैसे नानांच्या हातात होते. निम्म्यांसाठी हप्त्याने पैसे देणारी एखादी फायनान्स कंपनी गाठायची होती.

"मोटार कशाला हवी तुम्हाला?" मी विचारलं. "बाग तर चालत जाण्यासारखी आहे."

"मोटार घेऊ नये असं कोनं ठरोलं?"

मी कार्ड हातात घेतलं. आणि इथून माझे सहा रविवार गेले.

कंपन्यांची नावं मी सांगत नाही. एक जळगावातली, एक धुळ्याची, एक मुंबईची, एवढं पुरे. जळगावची कंपनी बाजारातल्या एका कापडदुकानाच्या माडीवर होती. मॅनेजर मोठे शांत गृहस्थ. टेबलावर बडीशेपेची वाटी, भिंतीवर लक्ष्मी. नानांनी कराराचा कागद मागितला. मॅनेजरांनी तो सहीच्या पानावर उघडून दिला. नानांनी पहिल्या पानावर आणला आणि माझ्याकडे सरकवला. मी वाचू लागलो. दुसऱ्याच ओळीत अडलो.

"काय झालं?" नानांनी विचारलं.

"काही नाही. इथे कंपनीला 'मालक' म्हटलंय आणि तुम्हाला 'हायरर'."

"म्हंजे?"

"म्हणजे... भाडेकरू."

नाना उभे राहिले. मॅनेजरांनी बडीशेपेची वाटी मागे ओढून घेतली. त्यांना माणसांचा अनुभव असावा.

"कोन भाडेकरू?"

"नाना, ही नुसती भाषा आहे," मॅनेजर म्हणाले. "अशा करारात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडी कंपनीच्या मालकीची. तोपर्यंत तुम्ही ती भाड्याने वापरता. शेवटचा हप्ता भरला, की गाडी तुमची."

"अर्धे पैसे मी टाकले, पेट्रोल मी भरीन, धूळ मी पुसीन, आन् माह्या मोटारीत मीच भाडेकरू? मंग पुढची दोन चाकं तरी माही आहेत का नही?"

"तसं चाकं वेगळी करता येत नाहीत."

"कोनं ठरोलं?"

आम्ही माडी उतरलो. बाजारातून घरी येईपर्यंत नाना ज्या ज्या ओळखीच्या माणसाला भेटले, त्याला त्यांनी थांबवून सांगितलं, की मी भाडेकरू झालो. दोघांनी त्यांना घर कुठे घेतलं म्हणून विचारलं.

पुढच्या रविवारी धुळे. एस.टी.त नाना खिडकीशी बसले आणि एरंडोलपासून पारोळ्यापर्यंत मला "तुमची धुळ्याची कंपनी" असं ऐकवत राहिले, जणू मीच तिचा भागीदार. मलाही जरा अभिमान होता, आपल्या गावात काही चांगलं निघेल असं वाटत होतं. आणि मॅनेजर निघालाही मोठा दिलदार. तरुण, काळा चष्मा, बोलणं अस्सल आमच्याकडचं. आम्ही टेकतो न टेकतो तोच त्याने चहा आणि भजी मागवली.

"बसा नाना, आपलंच घर शे," तो म्हणाला. "व्याज फक्त साडेसहा टक्का. बठ्ठा खान्देशमा इतलं स्वस्त कोठेच नही."

करारात 'भाडेकरू' होताच. पण भजी गरम होती, आणि नाना तेवढं गिळायला तयार झालेले दिसले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "साडेसहा टक्के कशावर?"

"बठ्ठा रकमेवर, नाना."

"बठ्ठ्या म्हंजे पुऱ्या रकमेवर? मी दर महिन्याले पैसे फेडत जाईन ना? दोन वर्षांनी थोडेच राहातीन. तवा व्याज थोड्यावर, का बठ्ठ्यावर?"

"बठ्ठावर. पहिला दिवसनी जी रक्कम, तीच शेवटलोंग. अशीच पद्धत शे."

नानांनी हातातलं भजं बशीत परत ठेवलं. "माह्या बागेत हजार खोडं आहेत," ते म्हणाले. "मी पाटाचं पानी घेतो. आर्धी बाग तोडून टाकली, तर पानी आर्ध्या बागेचं लागते का पुऱ्या? तोडलेल्या खोडाले कोन पानी पाजते रे बाबा?"

"नाना, व्याज आनि केळी येगळी गोष्ट शे."

"वेगळी कोनं ठरोली?"

मॅनेजर हसला. मीसुद्धा हसलो. मला वाटलं, नानांचं नेहमीचं चाललंय. पण स्टँडवर एस.टी. यायला तासभर होता, म्हणून मी खिशातली पेन्सिल काढून कंपनीच्या माहितीपत्रकामागे आकडे मांडले. एकदा मांडले, पुन्हा मांडले. नानांचं बरोबर होतं. तोंडाने साडेसहा म्हणणारा तो माणूस खरं तर जवळजवळ दुप्पट घेत होता, आणि वर भजी खाऊ घालत होता. मला इतका संताप आला, की परत जाऊन त्याचा काळा चष्मा फोडावा असं वाटलं. मी ज्या गावात लहानाचा मोठा झालो, त्या गावात माझ्यादेखत हे! किती शेतकऱ्यांनी, किती दुकानदारांनी तिथे सह्या केल्या असतील! आणि मी, बी.ए. झालेला माणूस, हसत बसलो होतो.

"चुकलो, नाना," मी म्हणालो.

"तुमी काहाले चुकले? भज्याची किंमत तेवढी आपन देऊन येऊ." आणि ते खरोखर परत गेले, टेबलावर चार आणे ठेवले आणि आले.

तिसरा, मुंबईच्या कंपनीचा एजंट स्टेशनसमोरच्या लॉजमध्ये उतरला होता. गळ्यात टाय, बोलणं पुस्तकासारखं. व्याज ठीक होतं. नाना खुशीत दिसत होते. मी सतरा कलमं वाचली; अठराव्यात असं होतं, की कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय गाडी मुंबई राज्याबाहेर नेता येणार नाही.

"म्हंजे बऱ्हाणपूरले जाता येनार नही?"

"बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात येतं. परवानगी मागितल्यास मिळते," एजंट म्हणाला.

"नाना," मी हळूच विचारलं, "तुम्ही बऱ्हाणपूरला कधी गेलाय का?"

"नही गेलो. पुढंबी जानार नही. पन जाऊ नको म्हननारा हा कोन?"

मी घाईघाईने एकोणिसावं कलम वाचायला घेतलं, आणि तिथे तर कपाळमोक्षच होता. हप्ता थकल्यास कंपनीच्या माणसांना, गाडी जिथे असेल त्या घरात वा आवारात, न विचारता शिरण्याचा अधिकार.

नानांनी छत्री उचलली. मला वाटलं, एजंटाला मारतात. पण ते त्याच्याकडे बघून अगदी सावकाश म्हणाले, "माह्या घरात माही सख्खी मानसं येत नहीत बारा बारा वर्षं. आन् तू न विचारता येशीन?"

त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. लागावा अशा मनःस्थितीतही मी नव्हतो. सहा आठवड्यांतले आठ दिवस उरले होते, माझे दहावीचे पेपर तपासायचे पडले होते, आणि हा माणूस भर स्टेशनरोडवर छत्री आपटत चालला होता. मी ओरडलो. शेजारधर्म विसरून ओरडलो.

"नाना, तुम्हाला मोटार नकोच आहे! तुम्हाला भांडायला माणसं हवी आहेत! घरात कोणी नाही, म्हणून बाजारात भांडता! माझे रविवार कशाला नासवता?"

नाना थांबले.  त्यांनी छत्री उघडली, आणि ऊनही नसताना ती डोक्यावर धरून पुढे चालू लागले.

चार दिवस भिंतीवरून हाक आली नाही. पाचव्या दिवशी सकाळी नाना पुढच्या दाराने आले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच पुढच्या दाराने येत होते. अंगात कोट, डोक्याला धुतलेली टोपी. ओट्यावर टेकले. चहा घेतला. मग छत्रीच्या मुठीकडे पाहत म्हणाले, "जळगाववालीच कंपनी ठरोली. कागद मागवून पोस्टमास्तराकडून वाचून घेतला. तिचं व्याज सरळ आहे, फेडलं तेवढं कमी होते. आन् ती घरात घुसत नही. फक्त भाडेकरू म्हनते. म्हनू दे."

मला आश्चर्य वाटलं. "मग अडलं कुठे?"

"जामीन पाह्यजे. गावात राहनारा, पगारवाला." त्यांनी छत्री मांडीवर आडवी घेतली. "माह्याकडं दुसरं कोनी नही, मास्तर."

खरं सांगतो, माझा राग पूर्ण उतरला नव्हता. मी म्हणालो, "जामीन राहतो. पण मला खरं कारण सांगा. मोटार कशाला?"

"अक्कासाठी."

नानांना बहीण आहे, हे मला तेव्हा कळलं. आई गेली तेव्हा नाना तीन वर्षांचे, आणि अक्का तेरा वर्षांची. तिने त्यांना वाढवलं. पुढे तिचं लग्न झालं, वर्षभरात नवरा गेला. लोक म्हणाले, आता घरात बस. ती बसली नाही. धुळ्याला जाऊन सुईणीचं काम शिकली आणि पिंपळनेरच्या दवाखान्यात नोकरीला लागली. तिथून ती दर महिन्याला मनीऑर्डर पाठवी. नशिराबादच्या बागेतले पहिले दोन एकर तिच्या पैशांनी घेतलेले. नोकरी संपली तरी ती तिथेच राहिली होती, एका खोलीत.

"इथे का येत नाही?"

"माही बायको गेली तवा आलती. परत जाताना सर्व्हिस मोटारीत बसली. तिले मोटार लागते, मास्तर. लहानपनी बैलगाडीतबी लागे. ती म्हने, जरा थांबवा. डायवर थांबला नही. शेजारच्याच्या धोतरावर झालं. तं कंडक्टरनं तिले उतरून देलं. धुळं आन् साक्रीच्या मधात. वैशाखात. ट्रंक डोक्यावर घेऊन चालत गेली ती पुढच्या गावालोक." नानांचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "मले सहा महिन्यांनी सांगलं. हसून सांगलं. मले हसू आलं नही."

त्यानंतर अक्का कोणत्याच मोटारीत बसली नव्हती. नाना वर्षातून दोनदा जाऊन येत. आणि दोन वर्षांपूर्वी, तिला आता विहिरीचं पाणी शेंदवत नाही हे डोळ्यांनी पाहून आल्यावर, त्यांनी मोटारीसाठी नाव नोंदवलं होतं.

"दुसऱ्याची मोटार दुसऱ्याच्या मर्जीनं थांबते," नाना म्हणाले. "माही मोटार अक्का म्हनीन तिथं थांबीन."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या माडीवर गेलो. मॅनेजरांना आमचा विसर पडला नव्हता. शांत माणसांच्या मनातही थोडं विष असतं. त्यांनी कागद पुढे ठेवला, अकरा ठिकाणी बोट ठेवलं, आणि प्रत्येक वेळी गोड आवाजात म्हणाले, "नाना, इथे, 'भाडेकरू'च्या खाली." नानांनी अकरा सह्या केल्या. एकदाही मान वर केली नाही. नंतर जामीनदाराचं पान आलं. त्यात लिहिलं होतं, की भाडेकरूच्या वर्तनाला मी सर्वस्वी जबाबदार आहे.

"वर्तनाला? हप्त्यांना ठीक आहे. वर्तनाला कसा? हे कोणी ठरवलं?" मी तिथेच उसळलो.

मॅनेजर दचकले. नानांनी माझ्या हातावर हात ठेवला. "करा सही, मास्तर," ते म्हणाले. "मी बरा वागीन."

मोटार आली. काळी, चार दारांची, आत नव्या रेक्झिनचा वास. एका कापसाच्या जिनवाल्याकडे अनेक वर्षं गाडी चालवलेले करीमभाई ड्रायव्हर म्हणून मिळाले. नानांनी घरातली दुसरी खोली उघडली, चुना दिला, मोरीत नळ घेतला. मग एका शनिवारी आम्ही तिघे पिंपळनेरला निघालो. मला कशाला नेलं, ते विचारू नका. मी जामीन होतो.

अक्का दारातच उभी होती. लहानखुरी, पांढरं लुगडं, कानाने तिखट. तिने मोटार पाहिली, नानांना पाहिलं आणि म्हणाली, "तुळशा, किती वाळला रे."

नानांना कोणी 'तुळशा' म्हणू शकतं, हे माझ्या कल्पनेपलीकडचं होतं.

ती सहज तयार झाली नाही. नवी गाडी आहे, माझ्यानं खराब होईल, म्हणाली. नाना म्हणाले, "होऊ दे." तिने मग करीमभाईंना जवळ बोलावलं. "भाऊ, मी थांब म्हटलं का थांबशीन?"

"अक्का, तुम्ही म्हणण्याच्या आधी थांबेन," करीमभाई म्हणाले. तेवढ्यावर ती बसायला निघाली.

पण निघणं सोपं नव्हतं. अक्का चालली हे गावात पसरलं आणि माणसं जमू लागली. मिशा पिळलेले बाप्ये वाकून तिच्या पाया पडत होते, आणि ती आम्हाला प्रत्येकाची ओळख करून देत होती. "हा पायाळू. दोन दिवस मायले घोळवलं यानं." "हा जन्मला तवा रडलाच नही, पाठीत दोन घातल्या तवा रडला. आता भाषनं करते." डोंगराकडच्या पाड्यांवरून बाजाराला आलेल्या बाया टोपल्या खाली ठेवून तिच्याशी बोलू लागल्या. कोणी भुईमुगाच्या शेंगा आणून दिल्या, कोणी लिंबं. "कवय येशी?" परत कधी येशील, हा एकच प्रश्न सगळे विचारत होते. नाना मोटारीच्या दाराला टेकून हे बघत होते. ही एकटी आहे म्हणून आपण न्यायला आलोय, असं ते दोन वर्षं मनाशी घोकत होते. आता ते पाया पडणारी माणसं बोटांवर मोजत होते.

वाटेत आम्ही नऊ वेळा थांबलो. साक्रीच्या अलीकडे पहिल्यांदा. अक्काने नुसता हात हलवला, गाडी कडेला लागली. नाना तिला धरून कडुलिंबाच्या सावलीत घेऊन गेले. ती ओणवी झाली, त्यांनी एका हाताने तिचं कपाळ धरलं, दुसऱ्या हाताने पाठ चोळत राहिले. तिला बोलायचं होतं, ते म्हणाले, "घाई नही. बिलकुल घाई नही." मागून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. नेहमीचे नाना छत्री घेऊन त्याच्यामागे धावले असते. त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही. जळगावला पोचायला दिवस मावळला.

अक्का बारा दिवस राहिली. त्या बारा दिवसांत भिंतीपलीकडून हसण्याचे आवाज आले. भाकरीवाल्या बाई बोलू लागल्या. पोस्टमन आमचा ओटा सोडून त्यांच्या ओट्यावर बसू लागला.

तेराव्या दिवशी सकाळी पिंपळनेरहून एक माणूस आला. दाराशी चपला काढून उभाच राहिला. "अक्का, मनी पोरना दिवस भरनात," तो म्हणाला. "दवाखानामा नवी बाई शे. पन पोर म्हनस, अक्का जोडे नही तर मी जावाव नही."

अक्का जवळ नसली, तर त्याची पोर बाळंतपणाला दवाखान्यात जायला तयार नव्हती. अक्काने नानांकडे पाहिलं. मी भिंतीशी उभा होतो. मला वाटलं, आता स्फोट होणार, नाना म्हणणार: बहीण माझी, घर तिचं, आणि आयुष्यभर जिने सगळ्यांचं केलं तिला या वयात बोलावून न्यायचं, हे कोणी ठरवलं? सगळी वाक्यं माझ्याच ओठांवर आली होती. मला त्या माणसाचा राग आला होता.

नाना उठले. "करीमभाई, गाडी काढा," म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी लिंबं चिरून एका डब्यात भरली, पाण्याचा तांब्या घेतला, जुन्या धोतराची चार फडकी फाडून घडी केली, आणि अक्काच्या शेजारी मागच्या सीटवर जाऊन बसले. त्या माणसाला त्यांनी पुढे बसवलं.

तिसऱ्या दिवशी नाना एकटेच परतले. मुलगी झाली होती, बाळ-बाळंतीण ठीक होती. अक्काने आता तिथेच राहायचं ठरवलं होतं. पाणी भरायला त्या माणसाची धाकटी मुलगी रोज येणार होती, आणि महिन्यातून एकदा नाना मोटार घेऊन जाणार होते.

सकाळी मी पेपरांचा गठ्ठा घेऊन अंगणात आलो, तेव्हा नाना नळाखाली ती फडकी धूत होते. करीमभाई "मी धुतो" म्हणत बाजूला उभे होते, आणि नाना त्यांना हात लावू देत नव्हते. एकेक फडकं पिळून, झटकून त्यांनी दोरीवर टाकलं. मग भिंतीजवळ आले. हाक न मारता, हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, एक सांगा. माह्याकडं चार खोल्या आहेत. तिच्याकडं एकच. येवढी मानसं तिनं कशी जमवली असतीन?"

मी पेपरांचा गठ्ठा भिंतीवर ठेवला.  नानांनी परत जाऊन दोरीवरचं एक फडकं सरळ केलं.